लायसन्स द्या, पण माणसाच्या नावावर

संपादक महाशय,
सप्रेम नमस्कार.

परवाच्या अंकातला मसाज सेंटरवरचा लेख काल रात्री आमच्या ह्यांना वाचून दाखवला आणि तेव्हापासून डोकं फिरलंय म्हणून लिहायला बसले. लेखकाचं म्हणणं काय तर दिल्लीचे २०२१ चे नियम आपल्याकडे पण आणा. म्हणजे बाईने बाईलाच आणि पुरुषाने पुरुषालाच मसाज करायचा, खोलीला आतून कडी नको, गिऱ्हाइकाचं ओळखपत्र घ्यायचं, रात्री नऊला बंद. यातल्या पहिल्याच नियमाला दिल्ली हायकोर्टाने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये स्थगिती दिली, त्याबद्दल लेखात एक ओळ नाही. एवढी मोठी गोष्ट सुटते कशी?

आमचे हे जन्मापासून दृष्टिहीन आहेत. अंधांच्या संस्थेत रीतसर मसाज शिकले, सर्टिफिकेट आहे, आणि लग्नाच्या आधीपासून घरोघरी जाऊन हेच काम करतात. गिऱ्हाईक कोण तर गुडघे धरलेल्या आज्या, खांदा वर न जाणारे काका, दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसून मान आखडलेली पोरं. बायकांना उलट ह्यांच्याकडून करून घ्यायला संकोच वाटत नाही कारण ह्यांना दिसत नाही, हे त्यांनीच मला सांगितलंय, आणि घरातलं कोणीतरी शेजारी बसलेलं असतंच. दिल्लीचा तो नियम इथे आला तर ह्यांची निम्मी कामं बंद. घर कसं चालवायचं ते लेखकांनी सांगावं.

गेल्या महिन्यात आमच्या भागातल्या एका स्पावर धाड पडली, तुमच्याकडे पण फोटोसकट छापून आलं. दुसऱ्या दिवशी हे नेहमीच्या सोसायटीत गेले तर सेक्रेटरींनी गेटवरच अडवलं, म्हणे लायसन्स दाखवा नाहीतर आत सोडणार नाही. जो वॉचमन रोज हात धरून लिफ्टपर्यंत न्यायचा तो गप्प उभा. ह्यांनी पिशवीतून सर्टिफिकेट काढून दिलं तर म्हणाले हे संस्थेचं आहे, सरकारी पाहिजे. आता सरकारी आणायचं कुठून? गुमास्ता परवाना दुकानाचा असतो, ह्यांना दुकानच नाही. पोलीस स्टेशनला मी स्वतः ह्यांना घेऊन गेले तर तिथले साहेब म्हणाले आम्ही मसाजवाल्यांना परवाना देत नाही, त्यांच्यावर कारवाई करतो. माझ्या नवऱ्यासमोर बोलले हे.

आणि ही तीच सोसायटी जिथे तिसऱ्या मजल्यावरच्या आजींची मुलगी म्हणाली होती की आईची पोटरी सुजलीय, जरा जोरात रगडा. ह्यांनी नुसता हात ठेवला, एकाच पायाची पोटरी गरम आणि टणक, जरा दाबलं की आजी कळवळल्या, नुकतंच ऑपरेशन होऊन अंथरुणात पडून होत्या. हे म्हणाले तेल राहू दे, आजच्या आज डॉक्टरला दाखवा. डॉप्लर, म्हणजे रक्तप्रवाहाची सोनोग्राफी, केलं तर शिरेत गुठळी. रगडलं असतं तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकली असती. हे ज्ञान खोलीला कडी आहे की नाही ते तपासून कळतं का?

लायसन्सला आमचा विरोध नाहीये, आम्हालाच ते हवंय! पण ते आरोग्य खात्याने द्यावं आणि शिकलेल्या माणसाच्या नावावर द्यावं. न्यूयॉर्कमध्ये हजार तास शिकावं लागतं, टेक्सासमध्ये पाचशे, वर परीक्षा, मग लायसन्स त्या माणसाचं. आपल्याकडे फिजिओथेरपिस्टना राज्याच्या कौन्सिलचा नंबर मिळतो, नर्सना मिळतो. स्किल इंडियावाले स्पा थेरपिस्टचे कोर्स चालवतातच, मग मसाजची परीक्षा घ्यायला काय हरकत आहे, गुठळीचे, बीपीचे, रक्त पातळ करायच्या गोळ्यांचे प्रश्न विचारा, प्रॅक्टिकल घ्या, लेखनिक द्या, हे उद्या बसतील. गैरधंदे पकडायला अनैतिक व्यापार रोखणारा पीटा कायदा १९५६ पासून आहेच, त्यासाठी कष्टाने पोट भरणाऱ्याला कशाला वेठीला धरता.

दक्षिण कोरियात तर मसाजचं लायसन्स फक्त दृष्टिहीनांनाच मिळतं. २००६ साली तिथल्या घटनात्मक न्यायालयाने तो नियम रद्द केला तेव्हा अंध मसाजवाले रस्त्यावर उतरले, संसदेने त्याच वर्षी कायदा करून तो परत आणला आणि २००८ मध्ये त्याच न्यायालयाने तो उचलून धरला. जपानमध्ये डोळस लोकांसाठी नवी मसाज कॉलेजं काढण्यावर बंधन आहे, ते २०२२ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने मान्य केलं. आम्ही एवढं मागत नाही. ह्यांच्या नावाचं, फोटोचं एक सरकारी कार्ड द्या जे गेटवर दाखवता येईल.

जाता जाता अजून एक. तुमचा ई-पेपर म्हणजे पानाचा नुसता फोटो असतो, मोबाईलवरचं टॉकबॅक, म्हणजे पडद्यावरचं बोलून दाखवणारी सोय, तो नीट वाचू शकत नाही. वर्गणी आम्ही पूर्ण भरतो आणि ह्यांना स्वतःबद्दलची बातमी सुद्धा माझी स्वयंपाकातून सुटका होईपर्यंत थांबून ऐकावी लागते. साधा मजकूर टाकायला कितीसा खर्च येतो? हे पत्र छापलंत तर निदान ते तरी वेबसाइटवर मजकूर म्हणून टाका, म्हणजे ह्यांचे संस्थेतले मित्र वाचतील.

एक वाचक,
डोंबिवली पूर्व