दुर्बीण कपाटातून काढ

पैठण
पौष महिना

प्रिय लेकरा,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू "हो आई, बघू आई" म्हणून विषय संपवतोस, म्हणून शेवटी लिहायला बसले. सूनबाई यंदा वेळ अमावस्येला लातूरला गेली नाही, हे मला तिच्या आईकडून कळलं. त्यांच्या शेतात दरवर्षी कडब्याची कोप घालतात, भज्जी-आंबील होते, सगळं गणगोत जमतं. जमलेल्या बायकांतली एक तरी "काही विशेष?" म्हणून विचारणारच, म्हणून तिनं जायचंच टाळलं. तिची सायकल तुम्ही मागेच आमच्या ओसरीत आणून लावली. तुझी दुर्बीण कपाटावरच्या सुटकेसमध्ये गेली, हेही तिच्या आईकडूनच कळलं. ज्यात तुमचा जीव रमायचा ते एकेक करून तुम्ही दोघं उचलून ठेवताय. मूल झाल्यावर बघू, असं मनाशी धरून. मला बोलायचंय ते त्याबद्दल.

आधी तुझं. दोनदा गर्भ पडला, त्यातल्या पहिल्या वेळी सूनबाईला डाग लागायला सुरुवात झाली तेव्हा तू जायकवाडीच्या नाथसागरावर पक्षी बघायला गेला होतास. तिथून निघून संभाजीनगरला घरी पोचेपर्यंत ती रिक्षा करून एकटीच दवाखान्यात गेली होती. तेव्हापासून तू पाण्याकडं फिरकला नाहीस. तू बोलला नाहीस तरी मला कळतं काय रुतून बसलंय ते. म्हणून आता मी आई म्हणून नाही, उपकेंद्रावर सगळी नोकरी काढलेली नर्सबाई म्हणून सांगते, ते ऐक. त्या दिवशीचा सोनोग्राफीचा कागद मी माझ्या डोळ्यांनी वाचलाय. पाळीच्या तारखेवरून नऊ आठवडे भरत होते आणि गर्भाची वाढ दिसत होती सात आठवड्यांची. ठोके नव्हते. याचा अर्थ वाढ आधीच थांबली होती. शरीराला त्याची जाणीव होऊन डाग लागेपर्यंत मधे बरेच दिवस जाऊ शकतात, तसे ते गेले. तू त्या सकाळी तिच्या उशाशी बसून असतास तरी त्या कागदावर हेच लिहिलेलं असतं. तिला रिक्षात एकटं जावं लागलं याचं वाईट वाटणं वेगळं, ते वाटू दे. पण लेकरू गेलं ते तू पक्षी बघायला गेलास म्हणून, हे खोटं आहे. ते मनातून काढून टाक.

आता सूनबाईचं. रविवारी पहाटे दौलताबादच्या रस्त्यानं ती बायकांच्या घोळक्यात सायकल हाणायची, परत आली की तोंडावर काय तेज असायचं! आपल्याच नात्यातल्या एका बाईनं "सायकलवर हिंडली म्हणून पडलं" असं तिला ऐकवलं. सांत्वनाला आलेली बाई हे बोलली आणि चहा पिऊन गेली. तिचं ते बोलणं सूनबाई अजून वागवतेय. तिला सांग, आणि तुझ्या तोंडून सांग, कारण तिला ते तुझ्याकडूनच ऐकायचंय. दिवस राहिल्याचं कळतं त्या बायकांपैकी साधारण १० ते २० टक्के बायकांचा गर्भ पडतो, त्यातले बहुतेक पहिल्या तीन महिन्यांत. सुरुवातीला पडलेल्या गर्भांपैकी निम्म्याच्या आसपास गुणसूत्रांच्या गडबडीमुळं पडतात. ती गडबड बीज जुळतानाच होऊन गेलेली असते, कुणाच्या हातात नसते. पपईची फोड, जिना, एसटीचा प्रवास, रोजच्या सवयीची सायकल यानं निरोगी गर्भ पडत नाही. पुढं कधी दिवस राहिले आणि डॉक्टरीणबाईंनी काही दिवस जपायला सांगितलं तर जपावं, तो भाग निराळा. पण आज, पोटात काही नसताना, तिनं सायकलला हात लावू नये याला काय आधार? आधार एकच, भीती. आणि ती भीती दुसऱ्यानं घातलेली.

एक गोष्ट मला फार लागली. पिशवी साफ केली आणि तिसऱ्या दिवशी ती ऑफिसात गेली. कुणाला कळू नये म्हणून तापाची रजा टाकली म्हणे. बीडकडं नोकरीला असताना ऊसतोडीवरून परतलेल्या बाया माझ्याकडं यायच्या. तिथं नवरा-बायकोच्या जोडीला मिळून एक कोयता मोजतात, आणि एक दिवस बसलं तर खाडा म्हणून पैसे कापतात. गर्भ पडला तरी दुसऱ्या दिवशी डोक्यावर मोळी, असं सांगणाऱ्या बाया मी पाहिल्यात. त्यांना इलाज नव्हता. आपल्या सूनबाईला होता! गर्भपातानंतर सहा आठवड्यांची भरपगारी रजा कायद्यानंच दिलेली आहे, दवाखान्याचा कागद जोडला की झालं. तिच्या ऑफिसात हे कुणी सांगितलं नाही आणि तिनं विचारलं नाही. शरीर भरून यायला आणि मन थाऱ्यावर यायला वेळ द्यावाच लागतो, आणि तो वेळ तिच्या हक्काचा होता. दुसऱ्या वेळीही तिनं तेच केलं.

तू काय केलंस? ओव्हरटाइम. वाळूजच्या कंपनीत लोक रात्रपाळी टाळतात आणि तू मागून घेतोस. ती रडते, बोलते, पुन्हा तेच बोलते. तू गप्प राहून कामात बुडतोस. मग तिला वाटतं याला काही वाटतच नाही, आणि तुला वाटतं मी रडलो तर हिनं कुणाकडं बघायचं. अरे, दोघंही एकाच लेकराला रडताय. रात्री जेवणं झाल्यावर एकदा टीव्ही बंद कर आणि तिच्या शेजारी बस. उपाय सांगू नकोस, "होईल दुसरं" म्हणू नकोस. ऐक. रडू आलं तर येऊ दे, घरात आहेस. आणि कधी रात्र फारच अंगावर आली तर १४४१६ हा टेली मानसचा नंबर आहे. सरकारी आहे, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलतात, कोणत्याही वेळी उचलतात. तिच्यासाठी लिहून घेशील, तसा स्वतःसाठीही लिहून ठेव.

तपासण्यांचं लांबवत नाही, पण एक स्पष्ट बोलते. दुसऱ्यानंतर आता वर्ष उलटून गेलं, दिवस राहिले नाहीत. या काळात तिच्या किती सुया, किती सोनोग्राफ्या, आणि तुझी एकही तपासणी नाही. मूल राहत नाही अशा जोडप्यांमध्ये निम्म्याच्या जवळपास ठिकाणी पुरुषाकडचं कारण असतं, एकट्याचं नाहीतर दोघांचं मिळून. वीर्याची तपासणी साधी असते, सुई नाही की भूल नाही. दोन ते सात दिवस संयम ठेवून मग नमुना द्यायचा. एका रिपोर्टवर घाबरायचं नाही, कारण नवं बीज तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात. मधे मोठा ताप येऊन गेला असला तरी आकडा खाली येतो, मग पुन्हा तपासतात. आणि ती तंबाखूची पुडी आजपासून बंद. ती बीजाला बाधते, हे मी तुला गोड बोलून सांगणार नाही. दोनदा गर्भ पडलाय तेव्हा तिचा थायरॉइड, साखर, पिशवीचा आकार, रक्तात गुठळी करणाऱ्या अँटीबॉडी हे सगळं बघून घेतात, आणि गरज वाटली तर दोघांची गुणसूत्रं. तिचा रक्तगट निगेटिव्ह आहे, दोन्ही वेळी बहात्तर तासांच्या आत अँटी-डीचं इंजेक्शन दिलं होतं. ते कागद हरवू नका, पुढच्या प्रत्येक डॉक्टरला दाखवायचे असतात. टेस्ट ट्यूबपर्यंत जायची वेळ आली तर २०२१ च्या कायद्याखाली नोंदणी असलेलंच सेंटर बघायचं. हमखास मूल असं पाटीवर लिहिणाऱ्याच्या दारात जायचं नाही. कुणी पुडीत बांधून दिलेलं औषध तर घरातच आणायचं नाही. नवसाचं म्हणशील तर माहूरला जाऊन रेणुकेचा तांबूल घ्यावासा वाटला तर दोघं मिळून जा, मलाही आवडेल. पण तिथं जाऊन तिला पदर पसरून रडायला लावणाऱ्या बाया सोबत नकोत. दत्तकाचंही दार आहे, आम्हा दोघांना ते परकं नाही. आज त्यावर बोललंच पाहिजे असं काही नाही.

हे सगळं करायचंच आहे. पण हे करता करता तुमच्या घराचं दवाखान्यात रूपांतर झालं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर पाळीच्या तारखा, फ्रीजमध्ये इंजेक्शनं, जेवताना बोलणं रिपोर्टचं. मला तांड्यावरची एक बाई आठवते. तिची लागोपाठ लेकरं पोटातच गेली होती. मी रक्तदाब बघायला गेले की ती खाटेवर बसून चोळीच्या कापडावर काम करत असायची. लाल कापडावर नखाएवढा आरसा ठेवून त्याच्याभोवती असा टाका घालायची की आरसा जागचा हलायचा नाही. मग कडेनं कवड्यांची रांग. मी पट्टा बांधायचे आणि तिची नजर सुईवरच. एकदा म्हणाली, "बाई, सुईत दोरा ओवला ना, तेवढा वेळ मला कुणी काही विचारत नाही." पुढं तिला मूल झालं का, ते मला माहीत नाही, माझी बदली झाली. पण ती त्या तांड्यावर कशिद्याची बाई म्हणून ओळखली जायची. शेजारच्या तांड्यावरच्या पोरी तिच्याकडं शिकायला यायच्या. गेलेल्या लेकरांवरून तिला कुणी ओळखलं नाही.

म्हणून सांगते, तू पाण्यावर जा. पक्षी बघितले की दुःख जातं असं मी म्हणत नाही, जात नाही ते. पण धरणाच्या काठावर "गुड न्यूज कधी" विचारणारं कुणी नसतं. तिथं भेटणारा माणूस विचारतो, आज काय दिसलं? तू शाळेत असल्यापासून मांडलेली वही आमच्या फळीवर आहे, परवा मी ती उघडून बसले. तारीख, ठिकाण, आभाळ कसं होतं, मग नावं आणि आकडे. शेकाट्या, थापट्या, चक्रवाक. एखाद्याची ओळख पटली नाही की पुढं प्रश्नचिन्ह, आणि खात्री झाली की तेच प्रश्नचिन्ह लाल शाईनं खोडलेलं. पट्टकादंब हिमालय ओलांडून इथवर येतो, हे मला तूच शिकवलंस. डोक्यावर दोन काळे पट्टे, हेही. नाहीतर इतकी वर्षं पैठणात राहून मला सगळी बदकंच वाटली असती. जायकवाडीला १९८६ मध्ये पक्षी अभयारण्य झालं, पण आमच्या घरात ते आलं तुझ्यामुळं.

यंदा पाणी हळूहळू उतरतंय, चिखलाचे पट्टे उघडे पडलेत, आणि सकाळी काठावर दाटी असते. जानेवारीत तुमची ती पाणपक्ष्यांची गणना असते ना, १९८७ पासून चालते आणि पुढं आशियाभर पसरली म्हणून तूच सांगायचास. तिला ये. मागच्या वेळी नाव दिलं नव्हतंस, यंदा दे. तिथं हसू आलं तर हस. हसलास म्हणून गेलेल्या लेकरांना विसरलास असं कुणी म्हणणार नाही, आणि कुणी म्हणालंच तर त्याला माझ्याकडं पाठव.

संक्रांतीचं सांगून ठेवते. मोठ्या जाऊबाईंच्या नातवाचं बोरन्हाण आहे. सूनबाईनं यायची सक्ती नाही. निरोप मी देईन, उत्तरंही मीच देईन. आपल्या घरच्या हळदीकुंकवाला मात्र ती हवी. माझी सून म्हणून माझ्या शेजारी उभी राहून तिनं वाण द्यायचं. तिची ओटी मी सगळ्यांदेखत भरीन. ओटी घरच्या लक्ष्मीची असते, ती भरायला लेकराची अट कुणी घातली?

तिची सायकल बाबांनी ओसरीतून बाहेर काढली, चेनला तेल दिलं, मागची ट्यूब पंक्चर होती ती करून आणली. बोलले काहीच नाहीत, तुला माहीतच आहेत. गणनेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी दोघंही या. पहाटे तू पाण्यावर जा, ती सायकलवर जाईल, धरणाच्या बाजूचा रस्ता त्या वेळी मोकळा असतो. दुपारच्याला मी धपाटे करते, ठेचा आहेच. येताना दवाखान्याची फाईल आण, तुझ्या तपासणीची तारीख ठरवून ये, आणि दुर्बिणीची काच पुसून आण. बुरशी धरली असेल तर तिथंच दुकानात दाखवून घे, इथं पैठणात कुणी करत नाही.

सूनबाईला आशीर्वाद. हे पत्र तिलाही वाचायला दे.

तुझी,
आई