गेज घेण्याआधी तपासा

महोदय,

दोन सिलिंडरच्या गाडीचे कार्ब्युरेटर किंवा थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारे भाग) दोन्ही सिलिंडरना सारखे ओढतील असे जुळवायचे, तर नुसत्या कानाने ते जुळत नाहीत; व्हॅक्यूम गेज, म्हणजे सिलिंडरची ओढ मोजणारे मापक, हवेच. डायलचे गेज घेतले तर प्रत्येक डायल आळीपाळीने एकाच सिलिंडरला लावून पाहा. आकडे वेगळे आले तर गेजच खोटे. काटा थरथरला तर नळीत बारीक छिद्राचा अडथळा बसवा. पाऱ्याचे गेज अचूक, पण पारा विषारी, गॅरेजात नकोच. दोनच सिलिंडर असल्याने त्यांना जोडणारी यू आकाराची पारदर्शक नळी आणि टू-स्ट्रोक ऑइल पुरे. पाऱ्यातला १ सेंमी फरक तेलात सुमारे १५ सेंमी दिसतो! म्हणूनच नळी भरपूर लांब ठेवा, नाहीतर तेल थेट इंजिनात ओढले जाते. टॅपेटची (व्हॉल्व्हच्या फटीची) जुळवणी आधी, मग इंजिन गरम करून ही जुळवणी. सोलापूरच्या मे महिन्यात इंजिन जास्त तापू नये म्हणून समोर पंखा लावल्याशिवाय सुरू करू नका.

– एक मेकॅनिक, सोलापूर