घरी गाडी रंगवा, पण मास्कचंही सांगा

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या वाहन पुरवणीत घरच्या घरी गाडीचं पॅनल रंगवण्यावर लेख आला होता, चांगला होता पण फारच सोप्पं करून सांगितलंय असं वाटलं म्हणून लिहितोय. मी स्वतः हा उद्योग केलाय. चंदेरी मेटॅलिक गाडी, पुढचा फेंडर (चाकावरचा पत्रा), गाडीवरच्या स्टिकरवरचा कलर कोड बघून बरोब्बर तोच स्प्रे कॅन आणला, संध्याकाळी मारून झाल्यावर सावलीत एकदम झकास दिसत होता. सकाळी उन्हात गाडी काढली तर फेंडर दुसऱ्याच गाडीचा काढून लावल्यासारखा!

कोड बरोबरच होता, घोळ माझ्या हाताचा. मेटॅलिकमध्ये अॅल्युमिनियमचे बारीक कण असतात, ते कसे बसतात त्यावर शेड उजळ की गडद ते ठरतं, आणि ते बसणं अवलंबून कॅन किती लांब धरला, हात किती भरभर फिरवला, कोट किती ओला पडला यावर. त्यात बाकीच्या गाडीचा रंग उन्हाने थोडा उतरलेला असतो तो वेगळाच. म्हणून पेंटर लोक बेस कोट, म्हणजे रंगाचा थर, शेजारच्या दरवाजावर हलकेच विरवत नेतात आणि मग अख्ख्या दरवाजावर क्लिअर, म्हणजे वरचा पारदर्शक थर, मारतात, म्हणजे डोळ्याला फरक सापडत नाही. एका पॅनलला दोनचे पैसे का लावतो म्हणून मी यावरून भांडलोय सुद्धा, आता भांडणार नाही.

घासकाम मात्र घरी नक्की जमतं. पुट्टी, ती १८० नंबरच्या सँडपेपरने सपाट करायची, प्रायमर, मग ४०० ते ६०० ने ओलं घासायचं, यात वेळ जातो पण चुकलं तर परत करता येतं. फक्त पॉलिश-वॅक्सचं सिलिकॉन आधी नीट काढा, नाहीतर रंगात गोल गोल खड्डे पडतात. साधा पांढरा रंग असेल, खालच्या बाजूचा छोटा ओरखडा असेल तर घरीच करा, माझी काही हरकत नाही.

पण लेखात टू-के क्लिअर (हार्डनर, म्हणजे थर कडक करणारं रसायन, मिसळून वापरायचा दोन भागांचा क्लिअर) वापरा म्हणून लिहिलंय आणि मास्कबद्दल एक ओळ नाही हे मला खटकलं. टिकाऊ तेच हे खरंय, साध्या कॅनच्या क्लिअरवर पेट्रोल सांडलं की डाग पडू शकतो, पण टू-केच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, त्याने दमा लागू शकतो आणि एकदा शरीराला त्याची अॅलर्जी बसली की पुढे अगदी थोड्या वासानेही त्रास होतो. कागदी किंवा कापडी मास्क याला अडवत नाही. व्यावसायिक बूथमध्ये हवा खेचणारे पंखे असतात, पेंटरच्या तोंडावर बाहेरून ताजी हवा देणारा मास्क असायला हवा, आणि आपण काय करतो तर शटर अर्धं खाली ओढून आत फवारत बसतो कारण धूळ नको! पुढच्या लेखात एवढं तरी छापाच.

आणि हो, नवीन गाड्यांत बंपरच्या मागे रडार सेन्सर असतात, त्याच्यावर पुट्टी किंवा जाड रंगाचे थर चढवले तर सेन्सर गडबडू शकतो, तिथे घरी हात लावूच नका.

माझा फेंडर शेवटी पेंटरकडेच गेला. त्याने आधी माझा सगळा रंग घासून काढला आणि त्याचे वेगळे पैसे लावले.

आपला,
एक नियमित वाचक