पगार ३८ हजारांचा, हिशेब ३० हजारांचा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

वर्तमानपत्रांच्या अर्थविषयक पानांवर घरखर्चाचे ५०-३०-२० हे सूत्र वरचेवर छापून येते. निम्मा पगार गरजांना, ३० टक्के हौसेला, २० टक्के बचतीला. लहानसा फ्लॅट, त्याचा हप्ता, शाळेत जाणारी दोन मुले आणि हातात महिना ३८ हजार, असे घर या सूत्रात बसत नाही. बसत नाही म्हणून लोक हिशेब लिहिणेच सोडून देतात. खरे तर असे घर महिन्याच्या खर्चाने डबघाईला येत नाही. हप्ता, दूध, गॅस, वीज यांची सवय झालेली असते. ओढाताण होते ती वर्षातून एकदा येणाऱ्या खर्चांनी. शाळा जूनमध्ये उघडणार हे सगळ्यांना माहीत असते, तरी दर जूनला उसनवारी ठरलेली.

म्हणून आधी वर्षाचा कागद करावा, महिन्याचा नंतर. वर दिलेल्या घरासाठी तो साधारण असा होईल. जूनमध्ये शाळेची फी, गणवेश, वह्या-पुस्तके आणि रिक्षाची आगाऊ रक्कम २४ हजार. एप्रिलमध्ये गहू व तिखट-मसाला ११ हजार. एप्रिल-मेमध्ये घरपट्टी-पाणीपट्टी ६ हजार (अनेक महापालिका वर्षाच्या सुरुवातीला एकरकमी भरणाऱ्याला सवलत देतात, ती सोडू नये). दुचाकीचा विमा व सर्व्हिसिंग ५ हजार, लग्नसराईतले आहेर आणि गावी जाणे-येणे ९ हजार, ऑगस्टमध्ये आरोग्य विम्याचा हप्ता १८ हजार, दिवाळी १५ हजार, दुरुस्त्या व किरकोळ दवापाणी ८ हजार. बेरीज ९६ हजार, म्हणजे महिन्याला ८ हजार. याचा अर्थ या घराचा पगार ३० हजार आहे. वरचे ८ हजार आधीच खर्च झालेले आहेत, फक्त त्यांची तारीख यायची आहे. आकडे प्रत्येकाने आपले घालावेत. मागच्या वर्षीच्या पावत्या आणि बँकेचे पासबुक समोर घेतले की तासाभरात कागद होतो. आठवणीवर विसंबून केलेला कागद नेहमी कमी भरतो, आणि त्यातून हमखास सुटतात ते आहेर.

आता यात चूक कुठे होते? सुरुवात कोणत्या महिन्यात केली, यात. एप्रिलमध्ये उत्साहाने सुरू केले तर मेअखेर १६ हजार जमतात आणि त्यातलेही धान्य-घरपट्टीत संपतात. जूनच्या २४ हजारांना काहीच उरत नाही. ‘हे आपल्याला जमणारे नाही’ म्हणून वही बंद होते. दिवाळी संपल्यावर, नोव्हेंबरपासून सुरुवात केली तर मेअखेर ५६ हजार जमतात. तोपर्यंतचे आणि जूनचे मिळून, दुरुस्त्या-दवापाणी सोडून आणि दुचाकीचा विमा याच काळात आला असे धरले तरी, ५५ हजार लागतात. जेमतेम, पण निभते. ऑगस्टच्या विम्यापर्यंत आणखी २४ हजार येतात. जानेवारीत सुरू करणाऱ्यांना पहिल्या वर्षी पंधरा हजारांच्या आसपास तूट येईल, हे आधीच धरून चालावे आणि त्या वर्षी गहू महिन्याच्या महिन्याला घ्यावा.

हे पैसे ठेवायचे कुठे, हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा महत्त्वाचा आहे. पगाराच्याच खात्यात ठेवले तर ते मोबाइलवरून दहा-वीस रुपयांनी गळून जातात. एकच १२ महिन्यांचे आवर्ती खाते (आरडी) काढले तर जूनला ते मोडावे लागते आणि व्याज कापले जाते. पोस्टाचे आवर्ती खाते पाच वर्षांचे, ते या कामाचे नाही. साधे दुसरे बचत खाते बरे: पोस्टात किमान शिल्लक ५०० रुपये चालते. ते खाते यूपीआयला जोडू नये. खाते बँकेत असेल तर पगाराच्या दुसऱ्या दिवशी ८ हजार आपोआप वळते होतील अशी स्थायी सूचना द्यावी. भिशीवर भरवसा ठेवणारे पुष्कळ आहेत, पण चिठ्ठीत नंबर कधी लागेल ते शाळा विचारत नाही, आणि नोंदणी नसलेल्या भिशीत कोणी हात वर केले तर दाद कुठे मागणार?

वर्षाचे धान्य भरण्याबद्दल थोडे सविस्तर. रोज १६ पोळ्या, पोळीला २८ ग्रॅम पीठ धरले तर महिन्याला साडेतेरा किलो, वर्षाला सुमारे १६० किलो गहू लागतो. रात्री भाकरी होत असेल तर एक क्विंटल पुरतो. किलोमागे ५ रुपये वाचले तर १६० किलोंवर ८०० रुपये. पण ४० रुपये भावाने हाच ६,४०० रुपयांचा गहू क्रेडिट कार्डावर घेतला आणि बिल चार महिने तुंबले, तर महिना साडेतीन टक्क्यांनी ९०० रुपये व्याज जाते. रोख असेल तरच भरावा. दाणा दाताखाली फोडून पाहावा. कट्ट आवाज न येता चेपला गेला तर ओल आहे. दोन-तीन उन्हे दाखवल्यावर गहू सावलीत पूर्ण गार होऊ द्यावा. गरम गहू पिंपात बंद केला तर आत वाफ धरते, तळाला बुरशी येते आणि सोंडे लवकर पडतात. पिंप भिंतीला चिकटवून न ठेवता फळीवर ठेवावे. धान्यातल्या किडीसाठीच्या सेल्फॉसच्या विषारी गोळ्या मात्र घरात आणूच नयेत. त्यातून निघणाऱ्या फॉस्फीन वायूने बंद खोलीत झोपलेली माणसे दगावलेली आहेत.

आणि गव्हावर एवढी अक्कल खर्चताना एक लक्षात असू द्यावे: केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या उपभोग खर्च पाहणीत देशातल्या शहरी घरांच्या खर्चात तृणधान्यांचा वाटा ४ टक्क्यांच्या आसपास आहे, तर पेये आणि तयार खाद्यपदार्थांचा ११ टक्क्यांच्या आसपास. काटकसर करायची तर जागा ही.

तेलाचा डबा घेताना १५ किलो आणि १५ लिटर यांत गल्लत होते. एक लिटर तेल सुमारे ९१० ग्रॅम भरते, त्यामुळे १५ लिटरच्या डब्यात तेल साधारण १३ किलो ६५० ग्रॅमच असते. पाकिटांवर आता प्रति ग्रॅम, प्रति किलो अशी एककाची किंमत छापावी लागते. मोठ्या अक्षरातल्या ‘ऑफर’ऐवजी ती वाचावी.

विजेच्या बिलात महावितरणच्या घरगुती ग्राहकाला १०० युनिटची पायरी कळीची. १०१ वे युनिट वापरले की सगळे बिल वरच्या दराने लागते, हा समज चुकीचा आहे; वरचा दर फक्त वरच्या युनिटांना लागतो. पण तो वहन आकार धरून जवळपास दुप्पट असतो, म्हणून वाचलेले प्रत्येक युनिट तिथलेच वाचते. दोन किलोवॉटचा गिझर रोज अर्धा तास म्हणजे महिना ३० युनिट. ७५ वॉटचे दोन जुने पंखे दहा तास म्हणजे ४५. त्या जागी २८ वॉटचे, कमी वीज खाणारे बीएलडीसी मोटरचे पंखे लावले तर १७. बिल निघाल्यापासून सात दिवसांत भरले तर एक टक्का सूट मिळते, मुदत चुकली तर सव्वा टक्का आकार बसतो.

शेवटी कार्डाविषयी, कारण वर्षाचा कागद नसलेले घर दिवाळीत तिकडेच वळते. २० हजारांच्या खरेदीवर ‘किमान देय रक्कम’ म्हणून ५ टक्के, म्हणजे एक हजार भरले, तर त्यातले साधारण ७०० व्याज आणि १२६ त्यावरचा जीएसटी. मुद्दल पावणेदोनशे रुपयांनी कमी झाले. शिवाय जुनी बाकी असेपर्यंत नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. त्या महिन्यात भरलेल्या किराण्यावरही पहिल्या दिवसापासून व्याज लागते.

आपल्याला विनंती एवढीच, की ५०-३०-२० ऐवजी बारा रकान्यांचा कोरा तक्ता छापावा: वर महिने, डावीकडे खर्च, तळाशी बेरीज आणि तिला १२ ने भागायची जागा. तो भाऊबीजेनंतरच्या आठवड्यात यावा. मार्चअखेरच्या करबचतीच्या पुरवणीत टाकला तर वाचणाऱ्याला फार उशीर झालेला असेल.

– एक वाचक, नाशिक