११ ऑगस्टच्या नोटिफिकेशनबद्दल तक्रार

दिनांक : १४ ऑगस्ट २०२५

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी
(चित्रपट दाखवणाऱ्या ॲपची कंपनी; नाव या प्रतीतून काढलं आहे.)

विषय : अमेरिकन विनोदी अभिनेता रॉबिन विल्यम्सच्या स्मृतिदिनी पाठवलेलं नोटिफिकेशन आणि त्यावर ग्राहक सेवेने दिलेलं उत्तर

स. न. वि. वि.

मी चार वर्षांपासून तुमची ग्राहक आहे. वर्षाची वर्गणी एकरकमी भरते. घरात खातं एकच, फोन तीन : माझा, मुलीचा आणि माझ्या धाकट्या भावाचा.

सोमवारी, ११ ऑगस्टला, रात्री १० वाजून ४० मिनिटांनी तिन्ही फोन एकदम वाजले. रॉबिन विल्यम्सचा हसरा फोटो आणि खाली ही ओळ : 'जगाला हसवणारा स्वतः हरला! त्या रात्री बंद खोलीत काय घडलं? आत्ता पाहा.' मी स्वयंपाकघरात विरजण लावत होते. भाऊ फोन घेऊन आला, ओट्यावर ठेवला आणि म्हणाला, "ताई, हे बघ." ओळीवर बोट लागताच त्याच्यावरच्या माहितीपटाची झलक आपोआप सुरू झाली. त्या पन्नास-साठ सेकंदांत खोली, वेळ, साधन सगळं सांगून झालं. मी ते इथे पुन्हा लिहिणार नाही. तुमच्याकडे आहेच, काढून बघा.

भाऊ ४३ वर्षांचा आहे. २०१८ पासून नैराश्यावर उपचार घेतो. मधली दोन वर्षं बरी गेली, या उन्हाळ्यात पुन्हा खाली गेला, आता औषध बदलल्यावर जरा सावरतोय. तुम्हाला हे कुठून माहीत असणार, हे मला कळतं. पण नोटिफिकेशन लाखो घरांत जातं, आणि त्यातल्या किती घरांत असा एखादा माणूस असेल याचा अंदाज बांधायला कोणाचं नाव माहीत असावं लागत नाही.

हा भाऊ रॉबिन विल्यम्सचा वेडा. शाळेत असताना भाड्याने आणलेल्या कॅसेटवर त्याने 'मिसेस डाउटफायर'मधला बाईच्या वेशातला तो बाप पाहिला आणि पुढची सगळी वर्षं गणपतीत, स्नेहसंमेलनात नकला करत सुटला. आमच्या आत्याची नक्कल आत्यासमोर करायचा. १२ ऑगस्ट २०१४ ला सकाळी सहाला त्याचाच फोन आला. अमेरिकेत तेव्हा ११ तारीखच होती. "ताई, रॉबिन विल्यम्स गेला. स्वतःहून." मी अर्धवट झोपेत म्हणाले, "काय कमी होतं रे त्याला?" पलीकडून काहीच आवाज आला नाही. मग "ठेवतो" म्हणाला. त्याला त्या काळात आधीच बरं वाटत नव्हतं, हे त्याने मला चार वर्षांनी सांगितलं. त्या दिवशी सांगणार होता, माझं वाक्य ऐकून राहिलं. तेव्हा तुमच्या ओळीतला अडाणीपणा मला परका नाही. तो मी फुकट केला होता. तुम्ही त्याचे पैसे घेता.

'हरला' या शब्दावर माझा पहिला आक्षेप आहे. विल्यम्स ६३ वर्षांचे होते. नैराश्य, व्यसन, त्यातून बाहेर येणं, यांबद्दल ते स्वतः बोललेले होते. मे २०१४ मध्ये त्यांना पार्किन्सन्सचं निदान झालं. शवविच्छेदनात मात्र निघाला लुई बॉडी डिमेन्शिया. या आजारात मेंदूच्या पेशींमध्ये एका प्रथिनाच्या गाठी साचत जातात. झोप उडते, भीती बसते, संशय येतो, स्मरणशक्ती दगा देते आणि नैराश्यही त्यातच येतं. त्यांच्या पत्नी सुझन श्नायडर विल्यम्स यांनी २०१६ मध्ये 'न्यूरॉलॉजी' या वैद्यकीय नियतकालिकात हे सगळं लिहिलं आहे. शेवटच्या काळात एका चित्रपटाच्या चित्रीकरणात या माणसाला एकेक वाक्य लक्षात राहत नव्हतं. काही वर्षांपूर्वी हाच माणूस रंगमंचावर शेकडो वाक्यं न चुकता म्हणत होता. आपल्याला नेमकं काय झालंय, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. यात हरणं कुठे आलं? कावीळ होऊन गेलेल्याला आपण हरला म्हणतो का?

तुमच्या ॲपवर त्यांचे चित्रपट 'हसऱ्या चेहऱ्यामागचे अश्रू' या रांगेत लावले आहेत. विदूषक आतून रडत असतो ही गोष्ट लोकांना फार आवडते, मलाही आवडायची. भावाला एकदा विचारलं, आतून काय होतं रे? म्हणाला, "रडू आलं असतं तर बरं झालं असतं. चवच नसते गं कशाला. वरणभात कापसासारखा लागतो. आंघोळीला उठायचं ठरवण्यात बारा वाजतात." आणि त्याच आठवड्यात त्याने मुलीला पोट दुखेपर्यंत हसवलं होतं. ते हसवणं खोटं नव्हतं, मुखवटाही नव्हता. नातेवाईक मात्र दोन्हींतलं एकच खरं धरतात : हसतोय म्हणजे बरा आहे, नाहीतर येरवड्याला दाखवा.

दुसरा आक्षेप तपशिलांवर. विल्यम्स गेल्यानंतर अमेरिकेत ऑगस्ट ते डिसेंबर २०१४ या पाच महिन्यांत अपेक्षेपेक्षा १,८४१ आत्महत्या जास्त झाल्या, म्हणजे जवळपास १० टक्के वाढ. कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये हे आकडे प्रसिद्ध केले. कारण सिद्ध झालं असं ते म्हणत नाहीत, पण वाढ विशेष करून पुरुषांत आणि ३० ते ४४ या वयोगटात होती. माझ्या भावाचं वय वर लिहिलं आहे.

शब्द किती सांभाळावे लागतात याचं उदाहरणही विल्यम्स गेले त्याच आठवड्यातलं आहे. ऑस्कर देणाऱ्या अकादमीने 'अलादीन'मधल्या जिनीचं चित्र टाकून 'जिनी, तू मुक्त झालास' असं लिहिलं. त्या जिनीला आवाज विल्यम्स यांचाच. लाखो लोकांनी ते प्रेमाने पुढे पाठवलं. आत्महत्या प्रतिबंधाचं काम करणाऱ्यांनी तेव्हाच सांगितलं की मरणाला सुटका म्हणू नका, काठावर उभ्या असलेल्याला ती वाट वाटते. आपल्याकडे २०१९ मध्ये प्रेस कौन्सिलनेही पद्धत आणि जागा यांचं वर्णन देऊ नये, सनसनाटी मथळे करू नयेत असं सांगितलं आहे. तुम्ही वर्तमानपत्र नाही, तुम्हाला ते लागू नाही, असं म्हणाल. म्हणा.

आता ग्राहक सेवेबद्दल. त्या रात्री सव्वाअकराला मी चॅटवर हेच थोडक्यात लिहिलं. उत्तर : 'आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल क्षमस्व. सेटिंगमध्ये जाऊन आपण सूचना बंद करू शकता.' मी लिहिलं, मला माणसाशी बोलायचं आहे. त्यावर पुढच्या वर्षाच्या वर्गणीत १५ टक्के सवलतीचं कूपन आलं. त्यानंतर 'हा संवाद कसा वाटला?' म्हणून पाच चांदण्या. भावाने माझ्या हातातून फोन घेऊन एक चांदणी दाबली आणि म्हणाला, "कूपन ठेव, ताई." त्या रात्री आम्ही एवढंच हसलो.

माझं मागणं असं. ती झलक आणि ती ओळ काढा, रांगेचं नाव बदला. त्या माहितीपटाच्या सुरुवातीला 'टेलिमानस' या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मराठीसकट सगळ्या भाषांत दाखवा. सरकारी सेवा आहे, चोवीस तास चालते, तुम्हाला दमडी लागणार नाही. हे नोटिफिकेशन कोणी लिहिलं त्याचं नाव मला नको, त्याची नोकरी तर मुळीच घालवू नका. ते पाठवण्याआधी कोणी वाचलं होतं का, एवढं कळवा. माहिती तंत्रज्ञानाच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे तुम्हाला १५ दिवसांत निर्णय द्यावा लागतो. नाही आला तर १९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला तक्रार करीन आणि हे पत्र सोबत जोडीन.

वर्गणी परत नको. येत्या रविवारी भावाला त्याचा तो बाईच्या वेशातला बाप भाचीला दाखवायचा आहे, गेला आठवडाभर तेच चाललंय. तो संपल्यावर पुढचं आपोआप सुरू होणं बंद करण्याची सोय आमच्या टीव्हीवरच्या ॲपमध्ये सापडत नाही. ती कुठे आहे ते शनिवारपर्यंत कळवावं.

आपली ग्राहक,
सिंहगड रस्ता, पुणे