ब्रोकरेज शून्य, खर्च मात्र नाही

संपादक महोदय,

‘शून्य ब्रोकरेज’ला भुलून दर आठवड्याला दोन-दोन हजारांचे शेअर विकणाऱ्यांनी एकदा लेजर (ब्रोकरकडचा आपल्या खात्याचा हिशेब) उघडून पाहावे. डिलिव्हरीवरचा (शेअर प्रत्यक्ष डीमॅट खात्यात येण्या-जाण्याच्या सौद्यावरचा) एसटीटी, म्हणजे शेअर व्यवहारावरचा सरकारी कर, रकमेच्या प्रमाणात, ०.१ टक्का कापला जातो. डीपी शुल्क, म्हणजे डीमॅट खात्यातून शेअर बाहेर काढण्याचे शुल्क, मात्र विक्रीच्या दिवशी प्रत्येक कंपनीमागे ठोक लागते. ते १५ रुपये धरले, तरी १८ टक्के जीएसटीसह १७.७० होतात: दोन हजारांवर जवळपास ०.९ टक्के, लाखावर नगण्य.

मोठ्या सौद्याचे दुखणे वेगळेच. समजा, फारशी उलाढाल नसलेल्या शेअरमध्ये विक्रेते १०० रुपयांना २००, १००.५० ला ३०० आणि १०२ ला ५०० शेअर देताहेत. हजार शेअरची मार्केट ऑर्डर (मिळेल त्या भावाने खरेदी) टाकली, की सरासरी भाव पडतो १०१.१५. १०० च्या भावापेक्षा गेलेले हे जादा १,१५० रुपये काँट्रॅक्ट नोटवर (ब्रोकरने दिलेल्या सौद्याच्या बिलावर) वेगळे कुठेच दिसत नाहीत! निफ्टी ५० निर्देशांकासाठी शेअर निवडताना ही ‘इम्पॅक्ट कॉस्ट’, म्हणजे आपल्याच ऑर्डरने भाव हलल्याचा खर्च, तपासतात, ते उगीच नव्हे.

स्मॉलकॅपमध्ये (लहान कंपन्यांच्या शेअरमध्ये) लिमिट ऑर्डरच, म्हणजे आपण भावाची मर्यादा ठरवून दिलेली ऑर्डर, टाकावी, तीही तुकड्यांत. भाव निसटण्याची जोखीम राहतेच. विक्री असेल तर सगळे तुकडे शक्यतो त्याच दिवशी उरकावेत. नाहीतर डीपी शुल्क पुन्हा लागते.

– एक वाचक, ठाणे