ओल दिसली की आधी प्लंबर, रंगारी नंतर

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात घर, रंग, फर्निचर यावर बरंच येतं आणि मी ते आवडीने वाचते. पण घरातल्या पाण्याच्या लाइनमधलं कुठलं काम आपण करायचं आणि कुठल्या वेळी हात न लावता सरळ प्लंबरलाच बोलवायचं, यावर साध्या भाषेत लिहिलेलं माझ्या तरी वाचनात आलं नाही, म्हणून हे पत्र.

आमच्या बेडरूमची एक भिंत बाथरूमला लागून आहे. तिथे कपाटामागे तळहाताएवढा डाग दिसला. आम्हाला वाटलं पावसाची ओल असेल, म्हणून खरवडून पुट्टी भरली आणि रंग मारून घेतला. तीन महिन्यांनी परत पोपडे आले, परत रंग मारला. मग कपाटाची मागची फळी फुगली, कपड्यांना कुबट वास यायला लागला, तरी आम्ही आज बघू उद्या बघू करत राहिलो आणि असे तब्बल आठ महिने गेले. शेवटी प्लंबर आला, त्याने भिंतीवर हात ठेवला आणि पहिला प्रश्न विचारला, गीझर चालू आहे का? कारण भिंत कोमट लागत होती. गरम पाण्याच्या लाइनचा एल्बो, म्हणजे पाइप वळतो तिथला जोड, आतल्या आत सुटला होता. तो म्हणाला, ताई, पहिला डाग दिसला तेव्हाच बोलावलं असतं तर दोन टाइल्समध्ये काम झालं असतं. आम्हाला अर्धी भिंत फोडायला लागली. ते आठ महिने मला अजून लागतात, म्हणून बाकीच्यांचे तरी वाचावेत असं मनापासून वाटतं.

त्यानंतर मी त्या प्लंबरला बरंच विचारलं आणि त्याने सगळं नीट समजावून सांगितलं. भिंतीत दोन प्रकारचे पाइप असतात. एक पाणी आणणारे, त्यात दिवसरात्र प्रेशर असतं, त्यामुळे तिथली गळती एक मिनिट थांबत नाही. दुसरे सांडपाणी नेणारे, ते फक्त आपण पाणी वापरलं की भरतात. तेव्हा शक्य असेल तर दोन दिवस ते बाथरूम वापरायचं नाही आणि डागाच्या कडेला पेन्सिलने खूण करून ठेवायची. डाग तरीही खुणेच्या बाहेर सरकला तर संशय पाणी आणणाऱ्या लाइनवर, आणि तो वाढायचा थांबून हळूहळू सुकायला लागला तर संशय सांडपाण्याच्या पाइपवर किंवा फरशीच्या सांध्यांवर. यातलं काहीही निघालं तरी काम आपलं नाही, पण प्लंबरला हे सांगता आलं तर तो कुठे फोडायचं ते अंदाजाने ठरवत नाही.

मीटर असेल तर अजून सोपं. रात्री सगळे नळ बंद करून आकडा लिहून ठेवायचा आणि सकाळी कोणी नळ उघडायच्या आधी परत बघायचा, आकडा पुढे गेलेला असेल तर कुठेतरी पाणी जातंय. ज्यांच्याकडे वर टाकी आहे त्यांनी टाकीत येणारं पाणी बंद करायचं आणि पाण्याच्या पातळीवर खूण करायची, कारण मीटर टाकीच्या आधी असतो आणि टाकीपासून खाली घरात काय चाललंय ते त्यावरून लगेच कळत नाही. पातळी उतरली तर आधी फ्लश टँक तपासा, बऱ्याच वेळा तोच चोर निघतो. टँकच्या पाण्यात खायच्या रंगाचे थोडे थेंब टाकायचे आणि १५ मिनिटं फ्लश करायचा नाही, कमोडमध्ये रंग उतरला तर टँकच्या तळाचं रबर गेलंय. ते रबर बदलणं जमण्यासारखं आहे. पण टँक ठीक आहे, सगळे नळ कोरडे आहेत आणि तरी पातळी उतरतेय, तर गळती दिसत नाही अशा जागी आहे, आणि तिथे वाट बघण्यात काही अर्थ नसतो.

टपकणारा नळ त्यामानाने साधा, वॉशर किंवा आतला स्पिंडल बदलला की झालं, फक्त आधी खालचा अँगल कॉक, म्हणजे त्या नळाचं पाणी बंद करणारी छोटी चावी, बंद करायचा आणि तो नीट बंद होतोय ना ते बघून मगच नळ खोलायचा. टपकतंय तर टपकू दे म्हणू नका. साधारण २० थेंबांचा एक मिलिलिटर धरला आणि सेकंदाला एक थेंब पडतोय असं धरलं तरी दिवसाला ४ लिटरच्या वर आणि वर्षाला दीड हजार लिटरच्या वर पाणी जातं. एकाच नळाला प्रेशर कमी असेल तर त्याच्या तोंडाची जाळी काढून धुवा, क्षार अडकलेले असतात. सगळ्याच नळांना अचानक कमी झालं आणि टाकी भरलेली आहे, तर मात्र जाळ्या धूत बसू नका, फोन करा.

तुंबण्याच्या बाबतीतही असंच आहे, एकटं बेसिन तुंबलं तर खालचा ट्रॅप, म्हणजे वास अडवायला थोडं पाणी धरून ठेवणारा वाकडा भाग, खोलून साफ करता येतो, प्लंजरनेही निघतं. पण कमोड फ्लश केला की बाथरूमच्या जाळीतून पाणी वर येतं, किंवा सिंकमधलं पाणी सोडलं की दुसरीकडे गुडगुड आवाज होतो, याचा अर्थ अडथळा पुढच्या मोठ्या लाइनमध्ये आहे आणि आपण जेवढं पाणी ओतू तेवढं ते घरातच परत येणार. तेव्हा पाणी वापरणं थांबवायचं आणि लगेच बोलवायचं. इथे लोक एक फार धोकादायक गोष्ट करतात, आधी एक केमिकल ओततात, काम झालं नाही की दुसरं ओततात. अ‍ॅसिड आणि ब्लीच एकत्र आलं की क्लोरीन वायू तयार होतो आणि बंद बाथरूममध्ये तो जीवावर बेतू शकतो. आणि काही ओतलेलं असेलच तर प्लंबर पाइपला हात लावायच्या आधी त्याला सांगाच, तो पाइप खोलतो तेव्हा ते सगळं त्याच्या हातावर आणि डोळ्यात उडतं. आपली चूक त्याने का भोगायची? न वापरलेल्या बाथरूममधून वास येत असेल तर मात्र घाबरू नका, ट्रॅपमधलं पाणी सुकलेलं असतं, एक दोन मग पाणी ओता, तरीही वास राहिला तर बोलवा.

गीझरबद्दल मला अगदी कळकळीने सांगायचंय. त्याच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून पाणी टपकतं म्हणून काहीजण त्याला बूच मारतात. असं कधीच करू नका. तापताना पाणी फुगतं, तो दाब बाहेर पडायला तेवढीच वाट असते, आणि पाण्याची वाफ झाली तर ती सुमारे १६०० पट जागा घेते. तापताना चार थेंब येणं वेगळं, पण सतत धार लागली, आतून ठोकल्यासारखे आवाज आले, गंजाचं पाणी आलं तर आधी स्विच बंद करा आणि मग फोन करा. नळाला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर घरचा मेन स्विच बंद आणि पहिला फोन इलेक्ट्रिशियनला, प्लंबर त्याच्यानंतर.

आणि हे सगळं व्हायच्या आधी घरातल्या प्रत्येकाला, आजीआजोबांना आणि मोठ्या मुलांनाही, मेन व्हॉल्व्ह कुठे आहे ते दाखवून ठेवा. सहा महिन्यांतून एकदा तो फिरवून बघा, वर्षानुवर्षं न फिरवलेला व्हॉल्व्ह नेमका पाइप फुटलेल्या रात्री जाम झालेला सापडतो. जाम असेल तर पकडीने जोर लावू नका, दांडी तुटली तर पाणी बंद करायची तीच एक सोय जाते. तो बदलायला दिवसाउजेडी, काही फुटलेलं नसताना प्लंबरला बोलवा.

संपादक साहेब, माझी एक विनंती आहे. पुढच्या घराच्या पुरवणीत एखाद्या जुन्या अनुभवी प्लंबरलाच लिहितं करा, त्याला लिहायला जमत नसेल तर तुमच्या माणसाने त्याच्याशी बोलून लिहावं. आपल्याला तो फक्त भिंत फोडताना दिसतो, पण नुसता हात ठेवून आणि कान लावून पाणी कुठे जातंय ते तो कसं ओळखतो, हे त्याच्याच तोंडून वाचायला मला खूप आवडेल.

आपली,
एक नियमित वाचक